नोंदणी आधी, एम.एस्सी. नंतर

नारायणगड हे नगद नारायण महाराजांचं स्थान. बीड जिल्ह्यात त्याला धाकटी पंढरी म्हणतात, आणि आषाढीला इथून पालखी पंढरपूरला जाते. गडाभोवतीच्या गावांत कोरडवाहू शेती आहे, ऊसतोडीला जाणारी घरं आहेत, आणि त्या घरांतल्या मुली आता कॉलेजात जातात. त्यामुळे एक प्रश्न अलीकडे बऱ्याच तोंडून ऐकू येतो: "पोरगी बी.ए. झाली. आता वरचं शिक्षण घेऊन तिला नर्स होता येईल का?" कुणाच्या तरी पाहुण्यांची मुलगी इंग्लंडात दोन वर्षांचं एम.एस्सी. करून थेट नर्स झाली, असं कानावर आलेलं असतं. मग आपल्याकडेही एम.एस्सी. नर्सिंग आहेच की, असं वाटणं साहजिक आहे.

उत्तर सरळ द्यायचं तर इंग्लंडात तसं होतं, आपल्याकडे होत नाही. दोन्हीकडे अभ्यासक्रमाचं नाव एकच असलं तरी त्याची जागा वेगळी आहे. हा फरक नीट समजला नाही तर घरातली दोन-तीन वर्षं आणि बरेच पैसे वाया जातात. म्हणून तो सावकाश पाहू.

ब्रिटनमध्ये नर्सची नोंदवही नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल ठेवते, तिला सगळे एनएमसी म्हणतात. तिथे नर्स पहिल्या दिवसापासून एका शाखेची असते. प्रौढ रुग्ण, बालरुग्ण, मानसिक आरोग्य आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांची शुश्रूषा अशा चार शाखा आहेत. प्रौढ शाखेतून नाव नोंदवलेली ती ॲडल्ट नर्स. नोंदणीसाठी ४,६०० तासांचं शिक्षण लागतं. त्यातले निम्मे तास अभ्यासाचे, निम्मे प्रत्यक्ष रुग्णसेवेचे. बारावीनंतर येणाऱ्या मुलाला हे पुरं करायला साधारण तीन वर्षं लागतात. दुसऱ्या विषयाची पदवी घेऊन आलेल्याचं आधीचं शिक्षण आणि अनुभव तपासून काही तास वजा धरले जातात, आणि उरलेलं शिक्षण दोन वर्षांत बसवलं जातं. त्या दोन वर्षांना पदव्युत्तर पदवीचं नाव मिळतं. म्हणजे तिथे पदव्युत्तर अभ्यासक्रम हे नर्सिंगमध्ये शिरायचंच एक दार आहे.

भारतात हे दार नाही. इथे एम.एस्सी. नर्सिंगच्या अर्जासोबत जी कागदपत्रं लागतात, त्यात नर्स म्हणून झालेल्या नोंदणीचं प्रमाणपत्र असतं. बी.ए., बी.कॉम., अगदी प्राणिशास्त्रातली बी.एस्सी. असली तरी त्या पदवीवर एम.एस्सी. नर्सिंगला प्रवेश नाही. आधी नर्स व्हायचं, नोंदणी करायची, रुग्णांजवळ काम करायचं आणि मगच पदव्युत्तर शिक्षणाकडे वळायचं, असा क्रम भारतीय परिचर्या परिषदेनं, म्हणजे आयएनसीनं, घालून दिला आहे. दुसरा फरक शाखेचा. आपल्याकडे पहिली नोंदणी सर्वसाधारण असते. तीच नर्स बालरुग्णही पाहते, बाळंतपणही करते आणि हृदयविकाराचा रुग्णही सांभाळते. शाखा निवडायची वेळ एम.एस्सी.ला येते. प्रौढ रुग्णांच्या शुश्रूषेची आपल्याकडची शाखा म्हणजे मेडिकल सर्जिकल नर्सिंग.

मला हा क्रम पटतो. का पटतो ते पुढे येईलच.

आता नोंदणीपर्यंत पोचायचं कसं? दोन रस्ते आहेत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असतील आणि किमान ४५ टक्के गुण असतील, तर चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग. महाराष्ट्रात तिचा प्रवेश सीईटीतून होतो आणि पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. दुसरा रस्ता जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी ही पदविका. ती पूर्वी साडेतीन वर्षांची होती, आता तीन वर्षांची आहे आणि शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे असतात. जीएनएमला विज्ञानाला प्राधान्य असलं तरी कला किंवा वाणिज्य शाखेतून बारावी झालेल्यांनाही प्रवेश मिळू शकतो. इंग्रजी मात्र हवंच. मुलांनाही हे दोन्ही रस्ते खुले आहेत. जिल्ह्याच्या रुग्णालयांत 'ब्रदर' आता नवलाचे राहिलेले नाहीत.

गडाच्या परिसरातल्या बी.ए. झालेल्या मुलीसाठी खरा रस्ता हाच दुसरा. तिचा हिशेब मांडू. एकविसाव्या वर्षी बी.ए. झाली. जीएनएमची तीन वर्षं धरली तर चोविसाव्या वर्षी ती नोंदणीकृत नर्स होते. मग एक वर्ष रुग्णालयात नोकरी. त्यानंतर जीएनएम झालेल्यांसाठी असलेली दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग, आणि त्यावर दोन वर्षांची एम.एस्सी. कुठे वर्ष वाया गेलं नाही तर एकोणतिसाव्या वर्षी ती प्रौढ शुश्रूषेतली पदव्युत्तर नर्स होते. आठ वर्षं ऐकून घरचे दचकतात. पण पहिल्या तीन वर्षांनंतर तिच्या हातात कायद्यानं मान्य असलेला परवाना असतो. तिथून पुढे ती कधीही कमावू शकते, मध्ये थांबू शकते, पुन्हा शिकू शकते. हे घरच्यांना आधीच समजावून सांगावं, म्हणजे लग्नाच्या बोलण्यांत शिक्षण अर्धवट सुटत नाही.

एएनएम हा तिसरा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. उपकेंद्रावर गावाचं आरोग्य सांभाळणाऱ्या एएनएम ताईंचं काम फार मोलाचं आहे. पण त्यांची नोंदणी वेगळ्या प्रकारची असते आणि एएनएमवरून थेट एम.एस्सी.ला जाता येत नाही. आधी जीएनएम करावं लागतं.

नोंदणी म्हणजे नेमकं काय, हेही सांगायला हवं, कारण फसवणूक इथेच होते. परीक्षा पास झाल्याचं गुणपत्रक म्हणजे नोंदणी नव्हे. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली मुंबईत महाराष्ट्र परिचर्या परिषद आहे, तिच्या नोंदवहीत नाव चढलं की माणूस आरएन आरएम होतो, म्हणजे रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाइफ. ही नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. देशभरची एक संगणकीय नोंदवहीही आयएनसीनं सुरू केली असून तिच्यात प्रत्येक नर्सला एक कायम क्रमांक मिळतो. आयएनसी ज्या कायद्याखाली उभी राहिली तो १९४७ चा. त्याची जागा घेण्यासाठी संसदेनं २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा संमत केला आहे, त्यामुळे येत्या काळात काही नावं आणि नियम बदलतील. नोंदणी आधी, हा क्रम मात्र तसाच आहे.

तालुक्याच्या गावी सहा महिन्यांत किंवा वर्षभरात 'नर्सिंग' शिकवणाऱ्या पाट्या दिसतात. तिथून मिळणाऱ्या कागदावर परिचर्या परिषद नोंदणी करत नाही. मुलगी पांढरा कोट घालून खाजगी दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबते आणि पाच वर्षांनीही कायद्याच्या दृष्टीनं ती नर्स नसते. म्हणून फी भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. या संस्थेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? परीक्षा कोण घेतं, आरोग्य विज्ञान विद्यापीठ की राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ? आणि मुलं प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात, किती खाटांच्या, शिकतात? तिसऱ्या प्रश्नावर संस्थेचा माणूस घुटमळला तर तिथून उठावं.

नोंदणी झाली. आता एम.एस्सी.च्या अटी. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगला एकूण किमान ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्क्यांची सवलत आहे. आणि किमान एक वर्षाचा अनुभव हवा. बी.एस्सी. केलेल्यांना तो पदवीनंतरचा लागतो, पोस्ट बेसिक केलेल्यांना आधीचा किंवा नंतरचा चालतो. हे एक वर्ष अनेकांना अडथळा वाटतं. काहीजण ओळखीच्या दवाखान्यातून अनुभवाचं नुसतं प्रमाणपत्र मिळवतात. तसं करू नये. त्या वर्षात जे शिकायला मिळतं ते एम.एस्सी.च्या कोणत्याही पुस्तकात नाही, आणि ते नसेल तर एम.एस्सी.ची पुस्तकं कळतही नाहीत.

याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेऊ: सर्पदंश. पावसाळ्यात शेतात काम करणारा, रात्री ओसरीवर जमिनीवर झोपणारा माणूस हा आपला नेहमीचा रुग्ण. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप आपल्याकडे महत्त्वाचे, आणि आपल्या रुग्णालयांत मिळणारी प्रतिसर्पविषाची लस या चारांवर चालते. बीडचं जिल्हा रुग्णालय असो की अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, अशा रुग्णाजवळ पहिल्या तासात सर्वांत जास्त वेळ असते ती नर्स.

घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतं. ते ओळखायची तपासणी साधी आहे. शिरेतून दोन मिलिलिटर ताजं रक्त काढायचं, स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घालायचं, नळी वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायची आणि मग एकदा तिरकी करून पाहायची. रक्त गोठलं नसेल तर विष अंगात भिनलं आहे. आता यात नर्सचं कौशल्य कुठे आहे? नळी काचेचीच हवी, कारण प्लॅस्टिकच्या नळीत रक्त नीट गोठत नाही. ती साबणानं धुतलेली नको, कारण साबणाचा अंश उरला तर निकाल चुकतो. आणि मध्येच कुणी उत्सुकतेनं नळी हलवली तर सगळंच फुकट. ज्या वॉर्डातली सिस्टर कोऱ्या काचेच्या नळ्या वेगळ्या डब्यात जपून ठेवते, तिथे रुग्णाचा निर्णय वीस मिनिटांत होतो.

मण्यारीचं वेगळं. ती बहुतेक रात्री चावते, दंश फारसा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणून माणूस उठतो आणि घरचे ॲसिडिटीची गोळी देतात. दवाखान्यात आल्यावर त्याच्या पापण्या जड झालेल्या दिसतात, मान उचलता येत नाही, एका श्वासात आकडे मोजायला सांगितलं तर आधी वीसपर्यंत जाणारा दहाला थांबतो. दर काही मिनिटांनी हे आकडे मोजून घेणं आणि कागदावर लिहीत जाणं हे नर्सचं काम. ते आकडे उतरताना दिसले की कृत्रिम श्वासाची तयारी करायची वेळ झाली. श्वास थांबल्यावर धावाधाव करण्यात आणि थांबण्याआधी ओळखण्यात माणसाच्या जिवाचा फरक आहे.

प्रतिसर्पविष सुरू केल्यावरही धोका संपत नाही. सुरुवातीला साधारण आठ ते दहा कुप्या शिरेतून जातात, आणि पहिल्या काही मिनिटांतच काहींना जोरदार ॲलर्जी येते. अंगावर गांधी उठतात, खाज सुटते, रक्तदाब घसरतो, घशात घरघर सुरू होते. म्हणून लस लावायच्या आधी ॲड्रेनॅलिन भरलेली सिरिंज हाताशी ठेवायची असते. लक्षण दिसताच लस थांबवायची, डॉक्टरांना हाक मारायची, ॲड्रेनॅलिन मांडीच्या स्नायूत द्यायचं. रक्त गोठण्याची तपासणी सहा तासांनी पुन्हा करायची, हे पुढच्या ड्युटीच्या सिस्टरला हँडओव्हरमध्ये सांगायला विसरायचं नाही. हे सगळं एकदा हातून घडलं की एम.एस्सी.च्या वर्गात शॉकचा धडा आला तेव्हा समोर तो माणूस उभा राहतो. इंग्लंडची दोन वर्षांची पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही, तिथेही हजारो तास वॉर्डातच जातात. पण आपल्या रुग्णालयांत एका नर्सच्या वाट्याला जितके रुग्ण येतात, तिथे पदव्युत्तर नर्सला आधी वॉर्ड माहीत असणं मला अत्यावश्यक वाटतं.

तर एम.एस्सी.चा प्रवेश प्रवेश-परीक्षेच्या गुणांवर होतो. महाविद्यालयं निवडताना मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या आवारातली इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन आणि एस.एन.डी.टी. विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज ऑफ नर्सिंग ही नावं समोर येतात. लीलाबाई ठाकरसी कॉलेज १९६४ चं. देशात एम.एस्सी. नर्सिंग पहिल्यांदा दिल्लीत १९५९ मध्ये सुरू झालं, आणि बी.एस्सी. त्याआधी १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोरला. मराठी मुलुखात या शिक्षणाची वाट त्याहून जुनी आहे. १८९१ मध्ये जे. जे. रुग्णालयात प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांची नोंद नर्सिंगच्या इतिहासात पहिल्या भारतीय विद्यार्थिनींत होते. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि विधवा, परित्यक्ता बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. परक्या पुरुषाच्या जखमेला हात लावायचा म्हणून समाज तेव्हा त्यांना नावं ठेवत होता.

एम.एस्सी.ची दोन वर्षं कशी जातात? आयएनसीच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी ६०० तास वर्गातले आणि १,१०० तास प्रात्यक्षिकाचे. विषय चार: नर्सिंग शिक्षण, प्रगत नर्सिंग, संशोधन आणि संख्याशास्त्र, आणि निवडलेली शाखा. चारही विषयांना वर्गात सारखेच १५० तास आहेत, पण शाखेच्या प्रात्यक्षिकाला एकट्याला ६५० तास. दुसऱ्या वर्षी व्यवस्थापन, शाखेचा दुसरा भाग आणि प्रबंध. तेव्हा वर्गातले तास ३०० वर येतात आणि प्रात्यक्षिक १,४०० वर जातं, त्यात शाखेचे ९५०. म्हणजे दोन वर्षांत प्रौढ रुग्णांजवळ १,६०० तास. उपस्थिती ८० टक्के हवी, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाचे राहिलेले तास शंभर टक्के भरून काढावे लागतात. आजारी पडलात, घरी लग्न होतं, तरी वॉर्डातले तास माफ नाहीत.

पहिल्या वर्षी मेडिकल सर्जिकलची विद्यार्थिनी मेडिसिन, सर्जरी, अस्थिरोग, कर्करोग, अतिदक्षता, जळीत, शस्त्रक्रियेनंतरचा कक्ष अशा सगळीकडे फिरते. दुसऱ्या वर्षी एक उपशाखा पक्की होते: हृदय आणि छाती, अतिदक्षता, कर्करोग, मेंदू आणि मज्जासंस्था, मूत्रपिंड, अस्थिरोग, पोटाचे विकार किंवा वृद्धांची शुश्रूषा. गडाभोवतीच्या गावांकडे पाहून माझं मत विचारलं तर मी मूत्रपिंड किंवा अतिदक्षता म्हणेन. डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा एस.टी.नं बीड गाठणारे रुग्ण आता गावोगाव आहेत. त्यांच्या हातावरचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी केलेला रक्तवाहिन्यांचा जोड, कसा जपायचा, पाणी किती प्यायचं, त्या हाताचा रक्तदाब का घ्यायचा नाही, हे बसून समजावणारं माणूस त्यांना फार क्वचित भेटतं.

प्रबंधाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण तिथे बहुतेक विद्यार्थी सोपी वाट धरतात. एखाद्या आजाराबद्दल नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना किती माहिती आहे याची प्रश्नावली भरून घ्यायची, माहितीपत्रक वाटायचं, पुन्हा प्रश्नावली भरून घ्यायची, आणि गुण वाढले असं लिहायचं. असे प्रबंध कपाटात जातात. आपल्या जिल्ह्यात प्रश्न समोर उभे आहेत. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या शासकीय समितीसमोर बीडच्या ऊसतोड महिलांचं जे सर्वेक्षण आलं, त्यात ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले आणि बाई पुन्हा कोयता घेऊन फडात गेली. पुढे तिच्या कंबरेचं, हाडांचं, झोपेचं काय होतं? वजन कधी उचलायचं, कधी नाही, हे तिला डिस्चार्जच्या वेळी कुणी सांगितलं का? तिला वाचता येत नसेल तर कसं सांगितलं? एका वॉर्डात, पन्नास-साठ बायकांपुरता हा प्रश्न धरून सहा महिने नीट पाठपुरावा केला तरी त्यातून डिस्चार्जचा एक चांगला कागद तयार होईल, आणि तो दुसऱ्या दिवसापासून वापरता येईल. असा विषय घेतला तर नैतिक समितीची परवानगी आधी लागते, रुग्णाची संमती तिच्या भाषेत घ्यावी लागते, आणि हे करायला वेळ लागतो. म्हणून पहिल्या वर्षाच्या मध्यालाच मार्गदर्शकांशी बोलून विषय ठरवावा.

परदेशाचा विचार करणाऱ्यांसाठी एक स्पष्ट गोष्ट. भारतात शिकलेल्या नर्सला ब्रिटनमध्ये ॲडल्ट नर्स व्हायला एम.एस्सी. लागत नाही. जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंगवर अर्ज करता येतो, आणि २०२२-२३ मध्ये एनएमसीच्या नोंदवहीत परदेशातून नव्यानं आलेल्यांत सर्वांत मोठा वाटा भारतात शिकलेल्यांचा होता. त्यासाठी आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. मग दोन टप्प्यांची कसोटी. पहिली संगणकावरची, ती भारतातच देता येते. तिच्यात हिशेबाचे १५ प्रश्न आणि नर्सिंगचे १०० प्रश्न असतात. दुसरी ओएससीई, म्हणजे प्रात्यक्षिकाची, ती ब्रिटनमध्येच होते आणि दहा स्थानकांवर फिरून द्यावी लागते. रुग्णाची माहिती घेणं, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन, काही हातकौशल्यं, आणि दोन ठिकाणी नुसतं लिहून उत्तर.

हिशेबाला घाबरणारे बरेच असतात, पण तो आपल्या वॉर्डातलाच असतो. पाचशे मिलिलिटर सलाइन चार तासांत द्यायचं आहे, आणि संचातून एका मिलिलिटरला वीस थेंब पडतात. पाचशे गुणिले वीस म्हणजे दहा हजार थेंब. चार तास म्हणजे २४० मिनिटं. भागाकार केला की मिनिटाला साधारण ४२ थेंब. जी मुलगी रात्रपाळीत घड्याळ धरून थेंब मोजते, तिला हे गणित शिकवावं लागत नाही.

शेवटी, एम.एस्सी. झाल्यावर पुढे काय? सरकारी रुग्णालयात नर्सची चढण अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी आहे, आणि ती मुख्यतः सेवाज्येष्ठतेवर चढावी लागते. नर्सिंग शाळांत आणि महाविद्यालयांत पाठ्यनिर्देशिका आणि प्राध्यापकांची पदं असतात, तिथे एम.एस्सी. उपयोगी पडते. त्यामुळे बहुतेक जण पदवी मिळाल्याबरोबर वर्गात शिकवायला जातात. शिक्षक हवेतच. पण १,६०० तास प्रौढ रुग्णांजवळ घालवून जी नजर तयार झाली, ती खाटेपासून दूर जाते, आणि वॉर्ड पुन्हा नवख्या मुलींवर पडतो. हे मला मनापासून खटकतं.

याला उत्तर म्हणून २०१६-१७ पासून नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात विद्यार्थी अतिदक्षता विभागातच ड्युटी करत शिकतो. रुग्णाची शारीरिक तपासणी, व्हेंटिलेटर, ठरलेल्या प्रोटोकॉलप्रमाणे उपचार यांवर त्याचा भर असतो. पैसे किंवा वेळ कमी असेल तर अतिदक्षता, आपत्कालीन सेवा, कर्करोग, जळीत अशा विषयांतले एका वर्षाचे विशेष अभ्यासक्रमही आहेत. त्यांना नोंदणीकृत नर्स असणं पुरतं, एम.एस्सी.ची अट नाही. वॉर्डातच राहायचं ज्यांनी ठरवलंय, त्यांनी या दोन्हींचा विचार एम.एस्सी.च्या आधी करावा असं मी सांगेन.

पण अभ्यासक्रम असून भागत नाही, पद लागतं. आयएनसीच्या निकषानुसार सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक, शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक नर्स असावी. कोणत्याही जिल्हा रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात रात्री नऊनंतर जाऊन खाटा मोजल्या तर हा निकष किती दूर आहे ते दिसतं. त्या संख्येची भरती तर व्हायलाच हवी. तिच्यासोबत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात प्रौढ शुश्रूषेतली पदव्युत्तर नर्स 'क्लिनिकल' पदावर असावी, प्राध्यापकाच्या वेतनश्रेणीत, आणि तिच्यावर शिकवण्याची जबाबदारी वॉर्डातच असावी. जूनमध्ये पेरण्या सुरू व्हायच्या आत तिनं ग्रामीण रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाऊन काचेच्या नळ्या आहेत का पाहावं, ॲड्रेनॅलिनची मुदत तपासावी, तिथल्या सिस्टर आणि ब्रदरकडून वीस मिनिटांची तपासणी करून घ्यावी. दसऱ्यानंतर टोळ्या ऊसतोडीला निघायच्या आधी, ज्या बायकांची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांची गावात जाऊन तपासणी करावी, आणि त्यांच्या हातात ज्या जिल्ह्यात त्या जाणार तिथल्या दवाखान्यात दाखवता येईल असा कागद द्यावा.